रीडिंगहून एका दिवसात वॉलिंगफर्ड: आई-बाबांना न्यावं का?

सायली_रीडिंग
नमस्कार मंडळी. आई-बाबा पुण्याहून आलेत, ऑगस्टअखेरपर्यंत आहेत. लंडन झालं, बाथ झालं, विंडसर झालं, आणि आता बाबा म्हणतात की राजवाडे पुरे, इथली साधी माणसं बाजारहाट कुठे करतात ते दाखव. ते पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत त्यामुळे नदी दिसली की पाय निघत नाही त्यांचा. आईचे गुडघे दुखतात, म्हणजे चढ नको आणि अधूनमधून टेकायला बाक हवा. नवऱ्याच्या ऑफिसात कोणीतरी वॉलिंगफर्ड सुचवलं. नेटवर बघितलं तर एक पूल, एक पडका किल्ला आणि रहस्यकथावाली अगाथा ख्रिस्ती एवढंच दिसतंय. एवढ्यासाठी अख्खा दिवस घालवावा का, की सरळ हेन्लीला जाऊ? गाडी आहे पण बाबांना बसने फिरायची हौस आहे.

खवचट_काका
पूल, पडका किल्ला, अगाथा ख्रिस्ती. यादी बरोबर आहे, चौथं काही नाही. आम्ही जाऊन आलोय. किल्ला म्हणजे गवतात उभी राहिलेली दोन-चार भिंताडं. रायगड-राजगड चढलेल्या माणसाला हा किल्ला म्हणून दाखवलात तर तुमचे बाबा स्वतःहून परतीचं तिकीट अलीकडे आणतील. हेन्लीला जा, निदान श्रीमंतांच्या बोटी तरी दिसतील.

मेथीकूट
काकांना +१. आणि तुम्ही जर जुलैच्या सुरुवातीला हेन्लीला गेला असाल तर रेगाटा चालू असतो, १८३९ पासूनची बोटींची शर्यत आहे, बघण्यासारखी. फक्त गर्दी अशी की बसायला बाक सोडा, उभं राहायला जागा मिळत नाही. आता ऑगस्ट म्हणजे तो प्रश्न नाही म्हणा.

टेम्सकाठी
मी नदीपलीकडच्या क्राउमार्शच्या बाजूला राहतो तेव्हा माझं मत एकतर्फी धरा. सायलीताई, जा. पण किल्ल्यापासून सुरुवात करू नका, तिथेच काकांसारखा विरस होतो. पुलापासून करा.

हे गाव इथे वसलं त्याचं कारण एकच, इथे टेम्स ओलांडता यायची. १०६६ ला हेस्टिंग्जची लढाई जिंकून नॉर्मंडीचा विल्यम लंडनपर्यंत आला, तिथला पूल काही हाती लागेना, मग नदीच्या दक्षिणेने वळसा घेत घेत तो इथे पार झाला आणि उत्तरेकडून लंडनवर गेला. मग लगेच इथे किल्ला बांधायला घेतला, कारण आपण जिथून पार झालो तिथून दुसराही होऊ शकतो हे त्याला कळत होतं. पण गाव त्याच्याही आधीचं. नवव्या शतकाच्या शेवटी आल्फ्रेड राजाच्या काळात डेन लोकांच्या धाडी अडवायला अशी तटबंदीची गावं वसवली, त्या गावांच्या यादीत वॉलिंगफर्डला २४०० हाइड (जमीन मोजायचं जुनं माप) जमीन लावून दिलेली आहे, म्हणजे थेट राजधानी विंचेस्टरच्या बरोबरीने. ते मातीचे तट अजून उभे आहेत. किनेक्रॉफ्ट नावाचं मैदान आहे, त्याच्या कडेने एक हिरवा उंचवटा जातो, पोरं त्यावरून लोळत खाली येतात आणि कुत्री वर पळतात. तो अकराशे वर्षांचा तट. बोर्ड वाचला नाही तर कोणाला पत्ताही लागत नाही.

आता पूल. जवळजवळ ९०० फूट लांब, आणि गंमत म्हणजे नदी त्यातल्या थोड्याच कमानींखालून वाहते, बाकीचा पूल कोरड्या कुरणावर. उन्हाळ्यात बघणाऱ्याला वाटतं सरकारी पैसा वाया घालवलाय. जानेवारीत या, कुरण अख्खं पाण्याखाली असतं आणि मग प्रत्येक कमान कामाला लागलेली दिसते. बाबा पाटबंधाऱ्यातले ना, त्यांना पुलाच्या खाली न्या. काही कमानी टोकदार आहेत, मध्ययुगीन, आतून दगडी बरगड्या असलेल्या, आणि काही सरळ गोल. १८०९ च्या पुराने मधला भाग खिळखिळा केला तो नंतर नव्याने बांधला, ते गोल कमानींचं काम. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते वर मान करून स्वतः शोधायचं, त्यात अर्धा तास सहज जातो.

चाळीतला_बंड्या
एवढं महत्त्वाचं गाव होतं तर मग आज ऑक्सफर्ड का मोठं आणि हे का लहान?

टेम्सकाठी
@बंड्या, बऱ्याच गोष्टी. चौदाव्या शतकात प्लेगने झोडपलं. आणि १४१६ साली वर ॲबिंग्डनजवळ पूल झाले, मग लंडनहून पश्चिमेला जाणारी रहदारी तिकडून जायला लागली. इथला धंदा बसला तो बसलाच.

चाळीतला_बंड्या
म्हणजे एक्स्प्रेसवे झाल्यावर जुन्या हायवेवरच्या धाब्यांचं झालं तेच. सहाशे वर्षं झाली, अजून बोर्ड आहे "जेवणाची उत्तम सोय". 😄

भटकभवानी
खिक्! पण बसला म्हणूनच वाचलं ना. भरभराट झाली असती तर तट पाडून पार्किंग केलं असतं.

सायली, मी अगाथाबाईंची पंखी आहे म्हणून माझा मार्ग सांगते. १९३४ मध्ये बाईंनी आणि त्यांच्या पुरातत्त्ववाल्या नवऱ्याने, म्हणजे मॅक्स मॅलोवन, विंटरब्रुक हाउस घेतलं, गावाच्या दक्षिण टोकाला. १२ जानेवारी १९७६ ला त्या तिथेच वारल्या. घर खाजगी आहे, बाहेरून निळी पाटी बघायची आणि निघायचं, आत डोकवत उभं राहू नका, तिथे माणसं राहतात. दफन केलंय शेजारच्या चोल्सी गावच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात, चोल्सी स्टेशनपासून चालत जाता येतं. थडगं शोधायला वेळ लागत नाही, मागच्या कोपऱ्यात, आजूबाजूच्यांपेक्षा उंच दगड. २०२३ मध्ये किनेक्रॉफ्टच्या बाजूला त्यांचा ब्राँझचा पुतळा बसवलाय, बाई बाकावर बसल्यात, मांडीवर पुस्तक, आणि शेजारी जागा रिकामी. आईंना टेकायला बाक हवा म्हणालात ना, हा घ्या, फोटोही होईल.

समोरच म्युझियम आहे, छोटंसं, जुन्या घरात. त्यात बाईंचा वेगळा विभाग आहे. हिवाळ्यात बंद असतं, ऑगस्टात काळजी नाही, पण वार आणि वेळ बघूनच निघा.

आणि मार्केट प्लेसमध्ये टाउन हॉलच्या शेजारचं कॉर्न एक्स्चेंज बघा. १८५६ ची धान्याचे सौदे करायची इमारत, आता तिथे नाटक-सिनेमा होतो. सिनोडन प्लेअर्स नावाची हौशी नाटकमंडळी ती चालवते, आणि अगाथाबाई १९५१ पासून शेवटपर्यंत त्यांच्या अध्यक्ष होत्या. जगभर नाटकं गाजत असताना गावातल्या हौशी मंडळाचं अध्यक्षपद पंचवीस वर्षं, मला हे फार आवडतं.

मेथीकूट
बाजाराचं कोणी बोलेना! बाबांना बाजार बघायचाय ना मूळ मुद्दा. शुक्रवारी जा. शुक्रवारी मार्केट प्लेसमध्ये बाजार भरतो. आमच्या तासगावच्या आठवडी बाजाराच्या मानाने अगदीच चिमुकला, आरडाओरडा शून्य, कोणी "घ्या ताई घ्या" म्हणत नाही, पण भाजी ताजी असते. बीटाची जुडी पाल्यासकट मिळते ती घ्या, पाल्याची पीठ पेरून भाजी छान होते. इथले लोक पाला मोडून टाकायला सांगतात, आपण पिशवी पुढे करायची.

टेम्सकाठी
मेथीकूट बरोबर. दुसऱ्या हेन्री राजाने ११५५ मध्ये गावाला सनद दिली, त्यात व्यापाराचे हक्क आले. त्यामागे उपकाराची परतफेड आहे. हेन्रीची आई मटिल्डा आणि स्टीफन राजा यांच्या यादवीत हे गाव शेवटपर्यंत मटिल्डाच्या बाजूने राहिलं. ११४२ च्या हिवाळ्यात ती ऑक्सफर्डच्या वेढ्यातून निसटली, बर्फात दिसू नये म्हणून पांढरे कपडे घालून, गोठलेली नदी ओलांडून, आणि आली ती इथे. ११५३ ला तह झाला तोही याच गावाच्या नावाने ओळखला जातो, स्टीफनने राज्य करावं आणि मागाहून हेन्रीने यावं असा. दुसऱ्याच वर्षी स्टीफन वारला, हेन्री गादीवर बसला, आणि गावाला सनद मिळाली.

टाउन हॉल १६७० चा आहे, दगडी खांबांवर उचललेला, खाली मोकळी जागा. पावसात विक्रेते आणि गिऱ्हाइकं दोघंही तिथे शिरतात, तेव्हाही आणि आत्ताही.

खवचट_काका
मटिल्डाबाई ठीक. मुद्दा तोच, किल्ल्यात बघायला काय? पाटी वाचायची आणि "इथे मोठा किल्ला होता" म्हणून मान डोलवायची?

सह्याद्रीवेडा
काका, किल्ला नाही हेच तर बघायचंय. १६४६ ला यादवी युद्धात राजाच्या बाजूने शेवटपर्यंत टिकून राहिलेल्या मोजक्या ठिकाणांपैकी हा एक. परत कोणी त्याचा आसरा घेऊ नये म्हणून १६५२ मध्ये राजाविरुद्ध जिंकलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीने तो मुद्दाम पाडून टाकला. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या गडांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या ना, त्यामागचं डोकं हेच. आधी ते त्यांनी स्वतःच्या घरात चालवून बघितलं होतं. मी तिथल्या खंदकाच्या उतारावर बसून डबा खाल्लाय, खंदक अजून चांगला खोल आहे, दगड गेले पण मातीकाम राहिलं. तिकीट नाही. बाग आहे, उन्हाळ्यात तिथे बँड वाजवतात.

खवचट_काका
बरं बुवा. खंदक माझ्या बघण्यात आला नव्हता, बायकोला चहा हवा होता.

कोर्टकचेरी
पुलाच्या गावाकडच्या टोकाला सेंट पीटर्स चर्च आहे, त्याचा कळस जाळीसारखा पोकळ, आरपार आभाळ दिसतं. तिथे विल्यम ब्लॅकस्टोनला पुरलंय. लॉ केलेल्यांनी नाव घोकलं असेल. १७४९ पासून तो या गावाचा रेकॉर्डर होता, म्हणजे गावचा न्यायाधीशच, आणि इंग्लिश कायदा सामान्य वाचकाला कळेल असा चार खंडांत त्याने लिहून काढला, १७६५ ते १७६९. दहा अपराधी सुटले तरी चालतील पण एका निरपराध्याला शिक्षा नको, हे त्याचंच. आपल्या हिंदी सिनेमातल्या वकिलांनी दहाचे शंभर केले.

चाळीतला_बंड्या
महागाई हो, दुसरं काय.

शिवारातली_सुमी
अवांतर, पण क्राउमार्शचं नाव आलं म्हणून. जेथ्रो टल तिथेच शेती करायचा. १७०१ च्या सुमाराला त्याने घोड्याने ओढायचं पेरणीयंत्र बनवलं. इंग्लंडातल्या शाळेत माझ्या मुलीला हे शिकवलं आणि ती घरी येऊन मला सांगायला लागली की आई, ओळीत पेरायचं यांनी शोधलं. मी म्हटलं तुझ्या पणजोबांच्या वाड्यात तिफण टांगलेली होती, चाड्यातून बी सोडायचं, तीन नळ्यांतून तीन ओळी एकदम पेरून निघायच्या, आणि ती कोणी विलायतेहून आणली नव्हती. १७९० च्या दशकात आपल्याकडची पाभर बघून कंपनीच्या एका अधिकाऱ्याने ती तिकडच्या शेतकी मंडळाला कळवली होती. टलने त्याच्या देशासाठी शोध लावला, त्याचं कौतुक आहेच. पण "जगात पहिल्यांदा" म्हटलं की माझं डोकं फिरतं.

भटकभवानी
सुमीताई 👏👏 मुलीला तिफणीचा फोटो देऊन शाळेत पाठवा.

अलकनंदा
गाडी असेल तर अजून एक. वॉलिंगफर्डहून टेकड्यांकडे थोडं आत स्टोक रो नावाचं गाव आहे, तिथे काशीच्या महाराजांनी बांधून दिलेली विहीर आहे. खरंच. ईश्वरी प्रसाद नारायण सिंह महाराज. त्यांच्या ओळखीचा रीड नावाचा इंग्रज अधिकारी मूळचा या भागातला, त्याने सांगितलं होतं की आमच्याकडे चुनखडीची टेकडी, पाणी लागत नाही, घरात पाणी पिऊन संपवलं म्हणून पोराला मार बसतो. महाराजांच्या ते लक्षात राहिलं आणि त्यांनी पैसे दिले. ३६८ फूट खोल, हाताने खणलेली, आणि रुंदी जेमतेम चार फूट. खाली उतरलेल्या माणसाला कसं वाटलं असेल याचा विचार करून मला घाम फुटला होता. १८६४ मध्ये राणीच्या वाढदिवसाला सुरू झाली. वर घुमट, आत सोनेरी हत्ती, आणि पाणी ओढायचं लोखंडी यंत्र बनवलं वॉलिंगफर्डच्याच वाइल्डर फाउंड्रीने. इंग्लंडच्या खेड्याला हिंदुस्थानातून मदत गेली, तीही पाण्यासाठी.

खडकवासलेकर
उशिरा आलो. एवढे प्रतिसाद झाले आणि बाबा पाटबंधाऱ्यातले असून त्यांच्या कामाची गोष्ट कोणी सांगितली नाही!

क्राउमार्शच्या बाजूला हॉबरी पार्क आहे. १९५१ पासून इंग्लंडचं जलसंशोधन केंद्र तिथे आहे, बंदरं, नद्या, गाळ, लाटा, सगळ्याची मॉडेल करून अभ्यास करायचा. आता त्याची कंपनी झाली, एचआर वॉलिंगफर्ड. जगात कुठेही बंदर बांधायचं म्हटलं की या गावाचं नाव कागदावर येतं. तर त्या केंद्राचे पहिले डायरेक्टर कोण? सर क्लॉड इंग्लिस. आणि ते आधी कुठे होते? आपल्या खडकवासल्याला!

मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये पाटबंधाऱ्याच्या अभ्यासासाठी एक कक्ष काढला, त्यातून पुढे खडकवासल्याचं आजचं सीडब्ल्यूपीआरएस (केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र) उभं राहिलं. इंग्लिससाहेबांनी नोकरीची बहुतेक वर्षं तिकडे काढली, कालव्यात गाळ का साठतो, नदी वळणं का घेते, पुलाच्या खांबाशी माती कशी उकरली जाते, हे धरणाखाली उघड्या जागेत मॉडेल करून तपासलं. युद्धानंतर इंग्लंडला जलसंशोधन केंद्र काढायचं होतं तेव्हा १९४७ मध्ये याच माणसाला बोलावलं, आणि १९५८ पर्यंत त्यांनी ते चालवलं. म्हणजे मुठेच्या काठी शिकलेली विद्या टेम्सच्या काठी गेली. मी स्वतः मॉडेलवर काम केलंय, पायाला चिखल लागल्याशिवाय ते काम होत नाही.

हॉबरी पार्क हे बघायचं ठिकाण नाही हं, ऑफिसं आहेत. पण पुलावर उभं राहून बाबांना हे सांगा.

टेम्सकाठी
मी रोज त्या गेटवरून जातो आणि हे मला माहीत नव्हतं. जियो!

कोर्टकचेरी
वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे).

सायली_रीडिंग
सगळ्यांचे खूप आभार, शुक्रवारी जाऊन आलो. एक्स४० बसने, रीडिंगहून थेट, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली म्हणून बाबा तिथेच अर्धे खूश.

बाजारात आई रमली. टाउन हॉलच्या खांबांमध्ये सावलीला बसून तिने एकेका गिऱ्हाइकाच्या पिशवीत काय आहे याचा अभ्यास केला, आणि भाजीवालीशी मराठीमिश्रित इंग्रजीत बीटाच्या पाल्यावरून बोलणी केली. मेथीकूटताई, जुडी पाल्यासकट आणली. फळं थोडी महाग वाटली. अगाथाबाईंच्या शेजारी फोटो झाला, आईने आधी पुतळ्याच्या मांडीवरच्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाकून वाचायचा प्रयत्न केला.

बाबांचं सांगते. खडकवासलेकरांचा प्रतिसाद मी त्यांना बसमध्ये वाचून दाखवला. ते काहीच बोलले नाहीत, फक्त "परत वाच" म्हणाले. मग म्हणाले की नोकरीच्या सुरुवातीला आमच्या कालव्याचं मॉडेल खडकवासल्याला होतं, ते बघायला आम्हाला ट्रकने नेलं होतं. पुलाखाली गेलो तर तासभर बाहेर येईनात. जुन्या खांबांना वरच्या अंगाला टोकं काढलीयेत, पाणी फाटावं म्हणून, ती हात लावून लावून बघितली. कुरणावरच्या कोरड्या कमानींचं त्यांना फारच कौतुक, म्हणाले की ज्याने बांधला त्याने पूर बघितला होता, आणि पुढच्यांनी पैसे वाचवायला ती भोकं बुजवली नाहीत. आमच्याकडे पूररेषेत काय काय उभं केलंय त्यावर मग अर्धा तास भाषण झालं, ते इथे लिहीत नाही, पुणेकरांना पाठ आहे.

एकच तक्रार, चारच्या पुढे चहाला बसायचं म्हटलं तर जिथे गेलो तिथे खुर्च्या उलट्या टेबलावर. शेवटी थर्मासमधला चहा खंदकाच्या काठावर प्यायलो. आईला आख्खा दिवस चढ लागला नाही, किल्ल्याकडची थोडी वाट सोडली तर. विहीर आणि चोल्सी राहिलं, ते गाडीने करू.

मेथीकूट
चहाचं अगदी अगदी! चार वाजता चहाची वेळ सुरू होते, यांची दुकानं तेव्हा आवरतात.

सह्याद्रीवेडा
चोल्सीला जाणार असाल तर ती छोटी रेल्वे करा. चोल्सी ते वॉलिंगफर्ड, जेमतेम अडीच मैल, स्थानिक लोक तिला 'द बंक' म्हणतात. १८६६ ला सुरू झाली, १९५९ मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या, आता हौशी मंडळी चालवतात.

सायली_रीडिंग
अरे वा, ही रोज असते का? पुढच्या शनिवारी जमेल.

टेम्सकाठी
रोज नाही. ठरावीक शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडेला असते, तेही सगळे नाहीत. त्यांच्या वेळापत्रकात तारीख बघा आणि मगच निघा. वॉलिंगफर्डचं स्टेशन गावाच्या कडेला हिथरक्रॉफ्ट रोडवर आहे, मार्केट प्लेसपासून आईंच्या चालीने वीसेक मिनिटं धरा. चोल्सीला मात्र मेन लाइनच्या शेजारच्याच प्लॅटफॉर्मवर उतरता.

चाळीतला_बंड्या
अडीच मैलांत खिडकी मिळवायला भांडण होतं का?